जादूच्या पोतडीतून : पट्टी डोळ्यांवर, नजर नाकाखालून



आज सुरुवातच एका जादूने करू या. कागद-पेन्सिल लागणार नाही. फक्त ९ चा पाढा यायला हवा. (येत नसेल तर आईला हळूच विचारा, आम्ही पाहिलं नाही असं समजू.)

१ ते १० मधला कोणताही एक आकडा मनात धरा. मला सांगू नका, शेजारी बसलेल्या ताईलाही नको. धरलात? आता त्याला ९ ने गुणा. उत्तर दोन अंकी आलं असेल तर ते दोन अंक एकमेकांत मिळवा. एकच अंक असेल तर तसाच राहू द्या. आता त्यातून ५ वजा करा. झालं? आता क म्हणजे १, ख म्हणजे २, ग म्हणजे ३, असं मोजत जा आणि तुमच्या आकड्याचं अक्षर शोधा. त्या अक्षरापासून सुरू होणारी, घरात हमखास दिसणारी एखादी वस्तू मनात आणा. पटकन! विचार करत बसू नका.

घड्याळ!

काय, बरोबर की नाही? ज्यांच्या मनात 'घागर' आली, ती मंडळी बहुतेक आजीच्या हाताखाली वाढलेली असणार. पण बाकीच्यांचं घड्याळच.

आता यातली गोम सांगतो. ९ ला १ पासून १० पर्यंत कशानेही गुणा, ९, १८, २७, ३६ असं करत ९० पर्यंत. उत्तरातल्या अंकांची बेरीज ९ च येते. त्यातून ५ गेले, राहिले ४. म्हणजे तुम्ही कोणताही आकडा धरा, तुम्ही 'घ' वरच येऊन उभे राहणार. आणि 'घ' ची घरातली वस्तू म्हटलं की दहातले बरेचजण भिंतीकडेच बघतात. झाली जादू!

पण समजा, मी हे असं सांगितलंच नसतं. समजा, काळा कोट घालून मी स्टेजवर उभा आहे. तुमच्या डोळ्यांत रोखून बघतो आणि खर्जातल्या आवाजात म्हणतो, "तुमची बुबुळं आत्ता किंचित वर गेली. श्वास एक क्षण थांबला. ओठांची डावी कड हलली. मी पंधरा वर्षं मानसशास्त्राचा अभ्यास केला आहे. तुमच्या मनात आहे... घड्याळ." तुम्ही टाळ्या वाजवत घरी गेला असता आणि ९ चा पाढा कुणाच्या लक्षातही आला नसता!

जादू तीच, फक्त तिचा अंगरखा बदलला. पूर्वी जादूला देवाचा नाहीतर भुताचा अंगरखा घालत. आता शिकलेल्या माणसांना तो पटत नाही. म्हणून मग विज्ञानाचा घालतात. "यात चमत्कार काही नाही हो, ही मनाची शक्ती आहे, ही शरीराची साधना आहे, हा मेंदूचा व्यायाम आहे." हे ऐकलं की आपण बेसावध होतो. आपल्याला वाटतं, चमत्कार नाही म्हणतोय म्हणजे माणूस खरं बोलतोय.

हे सगळं आज का सांगतोय? तर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एक पत्र आलंय. पत्र लिहिणारी मुलगी आठवीत आहे. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. ती लिहिते :

"काका, माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. त्याला आईबाबांनी मेंदू जागृत करायच्या क्लासला घातलं होतं. आईने त्यासाठी भिशीचे पैसे दिले. आता तो डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्याचा रंग सांगतो, पुस्तक वाचतो. सगळे म्हणतात, नाद खुळा पोरगा आहे! पाव्हणे आले की त्याला बोलावतात. पण काका, मी शेजारी बसून बघितलंय. वाचताना तो मान वर करतो आणि पुस्तक छातीजवळ धरतो. परवा रात्री तो मला म्हणाला, ताई, मला पोट दुखतंय असं आईला सांग, मला उद्या करून दाखवायचं नाही. मी काय करू? खरं सांगितलं तर तो मार खाईल. नाही सांगितलं तर..."

पत्र इथेच संपलंय. पुढे तिने तीन टिंबं दिली आहेत.

हे पत्र मी तीनदा वाचलं. एक तर मंगळवार पेठ माझी. मिरजकर तिकटीपासून हाकेच्या अंतरावर आमची गल्ली होती. आणि दुसरं म्हणजे, त्या नऊ वर्षांच्या मुलाची गत एकदा माझीही झाली होती. आधी ती सांगतो.

मी सातवीत होतो. वर दिलेली घड्याळाची जादू मला एका मोठ्या मुलाने शिकवली होती. ती नुसती करून माझं समाधान होईना. मग मी त्यात भर घातली. समोरच्याचं मनगट धरायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मला नाडीवरून मनातलं कळतं. मी एकाग्रतेचा सराव केलाय." गल्लीत माझा भाव एकदम वधारला. चार दिवस मजा आली. पाचव्या दिवशी दुपारी शेजारच्या काकू आल्या. त्यांचा मोठा मुलगा घरात भांडून मुंबईला निघून गेला होता. आठ महिने त्याचं पत्र नव्हतं. काकूंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बाळा, माझी नाडी बघ. सांग, तो यील का रे?"

खरं म्हणजे त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं की काकू, हा ९ चा पाढा आहे. पण तोंडाला कोरड पडली. मी म्हणालो, "दिवाळीला येईल."

काकूंनी त्या दिवाळीत त्याच्यासाठी वेगळा डबा भरून ठेवला. तो आला नाही. डबा तुळशीच्या लग्नापर्यंत फळीवर तसाच होता. जाता-येता मला दिसायचा. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढे दोन वर्षांनी तो मुलगा परत आला, पण माझ्या डोक्यातून तो डबा काही गेला नाही.

माझी चूक जादू करण्यात नव्हती, बरं का. जादूने कुणाचं काही बिघडत नाही. चूक होती ती "हे मला कसं जमतं" याचं खोटं कारण सांगण्यात. जादूगार म्हणतो, "मी तुम्हाला फसवणार आहे, बघा पकडता येतंय का!" हा सरळ खेळ झाला. पुण्याचे जादूगार रघुवीर देशोदेशी फिरले, पण स्वतःला जादूगारच म्हणवत राहिले. माझ्यासारखा मात्र म्हणतो, "ही जादू नव्हेच, ही माझी विद्या." मग लोक त्या विद्येकडे आपली दुखणी घेऊन येतात.

आता पट्टीकडे वळू. आधी एक प्रयोग करा. घरात, जमिनीवर बसून. जिन्यात, गच्चीवर किंवा रस्त्यात मुळीच नको! मोठा हातरुमाल घडी करून डोळ्यांवर बांधून घ्या. अगदी घट्ट. आता समोर बघा. काळोख! पण मान तशीच ठेवून नजर खाली, नाकाच्या शेंड्याकडे वळवा. काय दिसलं? नाकाच्या दोन्ही बाजूंना उजेडाची एकेक फट. आपलं नाक वर आलेलं, गाल खाली गेलेला, त्यामुळे कापड दोघांनाही एकाच वेळी चिकटू शकत नाही. मध्ये पोकळी राहतेच. त्या फटीतून मांडीवरचं पुस्तक चक्क वाचता येतं. थोडी मान वर केली तर समोरच्या माणसाचे पायही दिसतात.

ही युक्ती जादूगारांना फार जुनी माहीत आहे. थोरले पी. सी. सरकार डोळे बांधून गर्दीच्या रस्त्यावर सायकल चालवत. काश्मीरकडचे खुदाबक्ष तर डोळ्यांवर कणकेचे गोळे, कापूस आणि वर पट्ट्यांचे वेढे गुंडाळून घेत आणि तरी समोरचं वाचून दाखवत. १९३५ साली इंग्लंडमध्ये निखाऱ्यांवरून चालून दाखवणारे ते हेच. "ही एकाग्रतेची शक्ती आहे," असं ते सांगत. पण उतारवयात काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, तेव्हा ती शक्ती काही मदतीला आली नाही. दिसत होतं ते डोळ्यांनीच.

१९६०च्या दशकात रशियात रोझा कुलेशोवा नावाची एक तरुणी बोटांनी रंग ओळखते, छापील मजकूर वाचते, अशी मोठी बातमी झाली होती. भलेभले शास्त्रज्ञ चकित झाले. तेव्हा मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने १९६६ साली 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं : नाकाच्या कडेने डोकावणं किती सोपं आहे हे शास्त्रज्ञांना ठाऊक नसतं, जादूगारांना असतं. म्हणून अशा तपासणीला एक जादूगार जवळ हवाच!

आता या जुन्या पट्टीवर नवा अंगरखा चढलाय. "मुलांचा मध्यमेंदू झोपलेला असतो, तो आम्ही जागा करतो," असं सांगणारे क्लास आपल्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत ठिकठिकाणी निघाले. साधारण ५ ते १५ वर्षांची मुलं घेतात. का बरं तीच? मोठ्यांना का नाही शिकवत? विचार करा.

हा मध्यमेंदू असतो खरा. मेंदूच्या देठाचा तो सगळ्यात वरचा भाग, जेमतेम दोन सेंटिमीटरचा. तुम्ही आत्ता या ओळीवरून त्या ओळीवर डोळे फिरवताय ना, त्या हालचालीत त्याचा हात आहे. उजेडात बाहुली लहान होते, दार आपटलं की मान तिकडे वळते, त्यातही तो असतो. त्याच्यातल्या काही पेशी नष्ट होऊ लागल्या की म्हातारपणी हात थरथरण्याचा कंपवाताचा विकार होतो. म्हणजे तो झोपलेला नाही, जन्मापासून राबतोय. आणि बघण्यासाठी उजेड डोळ्यांत शिरावाच लागतो. उजेड आत गेला नाही, तर मेंदू कितीही जागा असून काय उपयोग?

शिवाय सांगा, पट्टी बांधून वाचायची विद्या खरी असती, तर ती सगळ्यात आधी कुठे गेली असती? अंधशाळेत! तिथली मुलं सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी बोटांनी वाचतात. ती खरी विद्या. महिनोन् महिने मेहनत करून येते, आणि ती अंधारातही चालते.

असे दावे तपासायचे कसे, हेही शिकून घ्या. आमच्या गल्लीत नंदीबैल यायचा. गुबुगुबु वाजलं की आम्ही सगळे पळत बाहेर. "पाऊस पडंल का?" मालक विचारायचा. नंदी मान डोलवायचा. "पोरगं पास हुईल का?" पुन्हा मान! आम्हाला वाटायचं, नंदीला सगळं कळतं. खरं तर त्याला कळायचा तो मालकाचा इशारा.

जर्मनीत असाच एक घोडा होता, हान्स. बेरीज-वजाबाकी विचारली की खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. मालक फॉन ऑस्टेन हे शिक्षक, माणूस प्रामाणिक. १९०४ साली तपासायला तज्ज्ञांची समिती बसली, तिलाही फसवणूक सापडली नाही. मग ओस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने एक युक्ती केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. झालं, हान्सची गाडी अडली! विचारणारा दिसेनासा केला, तरी अडली. घोडा गणित करत नव्हताच. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत जरासं हलायचं, ते बघून तो थांबायचा. मालकालाही आपण इशारा देतोय याची कल्पना नव्हती.

म्हणजे पहिली गोष्ट लक्षात ठेवा : फसवण्याचा हेतू नसतानाही माणूस फसतो. दुसरी : "करून दाखव" एवढ्यावर थांबायचं नाही. जिथून उत्तर चोरून येऊ शकतं ती वाट बंद करायची आणि मग बघायचं. पट्टीच्या बाबतीत त्या वाटा अशा बंद करा :

१) पुस्तक मुलाच्या हातात न देता दुसऱ्याने त्याच्या कपाळासमोर धरायचं.
२) हनुवटीखाली पुठ्ठ्याची रुंद कॉलर धरायची, म्हणजे खालचं दिसणार नाही.
३) पट्टी न बांधता खोलीत मिट्ट काळोख करायचा. डोळ्यांशिवाय दिसत असेल, तर उजेड हवा कशाला?

मंगळूरचे नरेंद्र नायक यांनी अशा साध्या चाचण्या घेऊनच हे प्रयोग उघडे पाडले. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते शाळाशाळांत जाऊन चमत्कार करून दाखवत आणि लगेच त्यामागचं कारणही सांगत आले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यांचं काम मात्र थांबलं नाही.

कुणी म्हणेल, "म्हणजे मनाची, बुद्धीची ताकद खोटीच का?" छे, छे! शकुंतलादेवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तेरा अंकी संख्येला तेरा अंकी संख्येने तोंडी गुणलं, २८ सेकंदांत. संख्या संगणकाने निवडल्या होत्या. खरी विद्या अशी तपासणीला घाबरत नाही. उलट "चेहरा बघून मी खोटं ओळखतो" म्हणणाऱ्यांचं बघा. २००६ साली दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर माणसं खरं-खोटं ओळखण्यात १०० पैकी सरासरी ५४ वेळाच बरोबर येतात. नाणं उडवलं तरी ५० वेळा येतं!

आता चार शब्द आईबाबांसाठी. तुमचा मुलगा हुशार व्हावा ही इच्छा चुकीची नाही. पण त्या क्लासमध्ये तो नक्की काय शिकला ते बघा. पहिल्यांदा फटीतून दिसलं, तेव्हा त्याने ते बोलून दाखवलं असतं तर "याला जमत नाही" असं झालं असतं. आजूबाजूची मुलं वाचत होती, टाळ्या घेत होती. मग तोही वाचू लागला. तो लबाड नाही हो. मोठ्यांना जे हवं होतं ते त्याने दिलं. आता रोज पाव्हण्यांसमोर ते निभवायचं ओझं त्याच्या पोटात दुखतंय. त्याला रागावू नका. फीची पावती शोधा आणि पैसे घेणाऱ्याला जाब विचारा.

आणि मंगळवार पेठेतल्या त्या ताईला मी काय कळवलं? लिहिलं की, भावाला सगळ्यांसमोर पकडू नकोस. त्याला एकट्याला गाठ. स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांध, पुस्तक छातीशी धर आणि वाचून दाखव. म्हण, "बघ, मलाही जमतं." बाकी काही बोलू नकोस. मग दोघं मिळून आईकडे जा.

गेल्या आठवड्यात तिचं उत्तर आलं. ती वाचू लागली तेव्हा भाऊ आधी हसला, मग रडायला लागला. दोघं आईकडे गेली. आईने स्वतः पट्टी बांधून बघितली आणि बराच वेळ गप्प बसली. बाबा दोन दिवस चिडले होते, पण मुलावर नाही. पैसे अजून परत मिळालेले नाहीत, बाबा रोज फोन करतात. भाऊ मात्र आता घड्याळाची जादू शिकलाय. गल्लीतल्या गणपतीच्या कार्यक्रमात त्याला ती करायची आहे. सुरुवातीला काय म्हणायचं तेही त्याने ठरवलंय : "मी तुम्हाला फसवणार आहे, बघा पकडता येतंय का!"

आता तुमच्यासाठी कोडं. घड्याळाच्या जादूत मी १ ते १० मधलाच आकडा का धरायला सांगितला? कुणी ११ धरला तर काय होईल? आणि तरीही 'घ' वरच आणायचं असेल, तर कोणती एक पायरी वाढवावी लागेल? उत्तरं पाठवा. कसं शोधलंत तेही लिहा, नुसतं उत्तर नको!

तुमचा,
जादूगारकाका